आधी मान बघा : मुंबईच्या बागांतला ठिपकेवाला होला कसा ओळखायचा

मुंबईत मान हलवत चालणारा कुठलाही करडा पक्षी दिसला की त्याला कबुतर म्हणून लोक मोकळे होतात. स्टेशनाच्या छपरावर, सोसायटीच्या सज्जावर, मैदानाच्या कडेला बसलेले बहुतेक पक्षी खरोखरच कबुतरं, म्हणजे पारवे असतात. पण बागेत झुडपांच्या कडेकडेने, एकटा किंवा जोडीने, मातीतलं बी टिपत फिरणारा, अंगाने सडपातळ आणि शेपटीने लांब असा पक्षी दिसला, तर तो बहुधा ठिपकेवाला होला असतो. कोकणातले लोक याला कवडा म्हणतात. मुंबईच्या झाडीतला हा सगळ्यात सहज भेटणारा होला. तो एकदा पक्का ओळखता आला की बाकीचे होले त्याच्याशी ताडून ओळखता येतात, म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच करावी.

नवखा माणूस सहसा आधी रंग बघतो. होल्यांच्या बाबतीत रंगावर विसंबू नये. सकाळच्या तिरप्या उन्हात ज्याची छाती गुलाबी दिसते, तोच पक्षी भर दुपारी फिका करडा वाटतो आणि जुलैच्या पावसात भिजला की काळपट होतो. खुणांची मांडणी मात्र बदलत नाही. ठिपके कुठे आहेत आणि कुठे नाहीत, एवढं नीट पाहिलं की बहुतेक वेळा उत्तर मिळतं. त्यासाठी नजर सर्वात आधी मानेवर गेली पाहिजे.

कुठे आणि केव्हा

पारव्याला इमारतीचे कठडे, पुलाखालच्या खाचा, एसीच्या मागची जागा लागते. होल्याला झाडं लागतात, आडोशाला झुडपं लागतात आणि दाणे टिपायला थोडी उघडी माती लागते. म्हणून संपूर्ण आवार पेव्हर ब्लॉकने झाकलेल्या सोसायटीत तो फारसा दिसत नाही, पण शेजारच्याच जुन्या, झाडं राखलेल्या वसाहतीत रोज दिसतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा बोरिवलीकडचा प्रवेशाचा भाग, गोरेगावची आरे वसाहत, पवई तलावाचा परिसर, मिठी नदीकाठी धारावीला लागून असलेलं महाराष्ट्र निसर्ग उद्यान, भायखळ्याची राणीची बाग या ठिकाणी शोधायला हरकत नाही. तरी माझा सल्ला असा की आधी घराजवळची महापालिकेची बाग निवडा. रोज येता-जाता दिसणारा पक्षी जितकं शिकवतो, तितकं वर्षातून एकदा केलेली सहल शिकवत नाही.

वेळ सकाळची उत्तम. उजाडल्यानंतरचे दोन तास होले जमिनीवर उतरून खातात. चालणाऱ्यांची गर्दी वाढली की झाडावर किंवा तारेवर जाऊन बसतात आणि ऊन उतरल्यावर पुन्हा खाली येतात. बागेत शिरल्यावर आधी वर न बघता जमिनीकडे बघा : पायवाटेची कडा, नुकती झाडलेली जागा, मेंदीच्या कुंपणाखालची सावली. वर्षावृक्षाखाली पडलेल्या पाचोळ्यातून पावलं टाकत तो येतो आणि मातीच्या रंगात इतका मिसळतो की हलल्याशिवाय दिसतच नाही.

8×42 ची (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण असेल तर उत्तम, नसली तरी अडत नाही, कारण बागेतला होला माणसांना सरावलेला असतो. सरळ त्याच्या दिशेने चालत जाऊ नका. तिरकं जा, मध्येच थांबा. फारच जवळ गेलात तर पंखांचा फडफडाट करत तो उडेल आणि हाती फक्त शेपूट येईल. अर्थात शेपटीचाही उपयोग आहे, ते पुढे येईलच.

पहिली खूण : मानेची मागची बाजू

होला पाठमोरा किंवा बाजूने दिसेपर्यंत थांबा. मानेच्या मागच्या भागावर आणि दोन्ही कडांना काळा पट्टा दिसेल, आणि त्या काळ्यावर तीळ विखुरल्यासारखे बारीक पांढरे ठिपके. पट्टा गळ्याभोवती पूर्ण फिरत नाही, गळ्यापुढे येण्याआधीच संपतो. हा पट्टा आणि त्यावरचे पांढरे ठिपके स्वच्छ दिसले, की पक्षी ठिपकेवाला होलाच. मुंबईत दुसऱ्या कुठल्याही होल्याच्या मानेमागे अशी मांडणी नसते.

मान आखडून बसलेल्या पक्ष्याचा पट्टा पिसांत दबून जातो आणि नुसता काळसर डाग दिसतो. अशा वेळी घाई करू नये. तो दाणे टिपायला वाकला की मान लांबते आणि ठिपके सुटे होतात. नर मादीपुढे गळा फुगवून वारंवार वाकतो, तो क्षण तर सर्वात चांगला, कारण त्या वाकण्यातच मानेमागचा पट्टा उघडा पडतो. असा वाकणारा पक्षी दिसला तर बाकी सगळं सोडून तिथेच उभं राहा.

नर आणि मादी दिसायला सारखेच असतात. त्यांच्यातला फरक रंगावरून सांगायचा प्रयत्न करू नका. वाकून घुमणारा नर, एवढं वागण्यावरून म्हणता येतं, त्यापलीकडे नाही.

मग पाठ, मग शेपूट

मानेनंतर पाठीवर आणि मिटलेल्या पंखांवर नजर टाका. तपकिरी पिसांच्या टोकांना फिकट गुलाबीसर-बदामी ठिपके असतात, त्यामुळे सगळी पाठ ठिबक्यांनी भरलेली दिसते. आपल्याकडच्या होल्याची ही दुसरी भक्कम खूण, आणि इथेच नेटवरचे फोटो लोकांना गोंधळात टाकतात. याच पक्ष्याचं पूर्वेकडचं रूप चीन आणि आग्नेय आशियात राहतं, आणि हवाई, कॅलिफोर्निया, ऑस्ट्रेलिया या भागांत माणसाने नेऊन सोडलेले ठिपकेवाले होलेही पूर्वेकडून गेलेले आहेत. त्या रूपाच्या पंखांवर असे बदामी ठिपके नसतात, पंख बरेच साधे, करडे-तपकिरी दिसतात. तिथले फोटो समोर धरून आपला होला जुळवायला गेलं की ‘हा वेगळाच कोणीतरी’ असं वाटतं. हा फरक इतका ठळक आहे की काही तज्ज्ञ भारतीय उपखंडातल्या होल्याला स्वतंत्र जात मानतात. तेव्हा तुलनेसाठी फोटो घ्यायचे ते भारतात, शक्यतो पश्चिम भारतात काढलेले घ्या.

शेपूट लांब आणि टोकाकडे निमुळती होत गेलेली असते. बसलेल्या पक्ष्याची शेपूट पंखांच्या बरीच बाहेर येते. उडताना किंवा उतरताना ती पसरते, आणि बाहेरच्या काळपट पिसांची पांढरी टोकं दोन्ही कोपऱ्यांत चमकतात. फांदीवर उतरल्यावर तो क्षणभर शेपूट वर उचलतो आणि मग खाली आणतो. मळभात, तारेवर पाठीमागे आभाळ असताना काळी आकृतीच दिसते तेव्हा छोटं डोकं आणि लांब शेपूट एवढ्यावरूनही हा होल्यांपैकी कोणीतरी आहे, पारवा नाही, इतकं ठरवता येतं. नेमकी जात मात्र नुसत्या आकृतीवरून ठरवू नये.

लांबी चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारे 30 सेंटीमीटर, म्हणजे साळुंकीपेक्षा मोठा आणि कावळ्यापेक्षा बराच लहान. पारवा साधारण 33 सेंटीमीटरचा, पण होल्याच्या लांबीत शेपटीचा वाटा मोठा असल्याने दोघे शेजारी आले तर पारवा जवळजवळ दुप्पट वजनाचा, छातीने भरलेला वाटतो. पाय लालसर, चोच काळपट, डोकं निळसर झाक असलेलं करडं, छाती फिकट गुलाबी. हे सगळं वहीत लिहून ठेवा, पण निर्णय मान आणि पाठीवरून घ्या.

समोरून दिसला तर

इथे अनेक जण अडतात. समोरून ठिपकेवाल्या होल्याची छाती साधी गुलाबीसर दिसते, एकही ठिपका नाही. मानेचा पट्टा मागे लपलेला. मग हा कोण?

समोरून पाहताना प्रश्न उलटा विचारा : गळ्याखाली, छातीच्या वरच्या भागावर ठिपके आहेत का? तिथे विटकरी पट्ट्यावर काळे ठिपके दिसले तर तो ठिपकेवाला नाहीच, तो छोटा तपकिरी होला, ज्याला काही जण हसरा होला म्हणतात. ठिपक्यांची जागा दोघांत नेमकी उलट आहे : ठिपकेवाल्याचे ठिपके मानेमागे आणि पाठीवर, छोट्या तपकिरीचे गळ्यापुढे. छोट्या तपकिरीची पाठ साधी तपकिरी असते, तिच्यावर ठिपके नसतात, आणि मिटलेल्या पंखाच्या कडेला निळसर करडा पट्टा दिसतो. तो लहानही असतो, 25 ते 27 सेंटीमीटरचा. मोकळी, कोरडी, खडकाळ जागा त्याला अधिक मानवते, त्यामुळे दाट झाडीपेक्षा उघड्या माळावर, शहराच्या कडेकडेच्या भागांत त्याला शोधावं.

शेपटीच्या पांढऱ्या कोपऱ्यांवरून या दोघांत निवड करू नका. ते दोघांनाही असतात.

बाकीचे होले

कंठवाला होला फिकट, वाळूच्या रंगाचा असतो. त्याच्या मानेमागे एकच बारीक काळी रेघ, पांढरी किनार असलेली, आणि बाकी अंगावर कुठेही ठिपका नाही. शेतं आणि मोकळी मैदानं हे त्याचं घर, मुंबईच्या दाट वस्तीत तो सहसा भेटत नाही, गावाकडे गेलात की तारांवर ओळीने दिसेल. लाल होला आणखी लहान, सुमारे 23 सेंटीमीटर. त्याचा नर पाठीने विटकरी, डोक्याने करडा आणि मानेमागे काळी रेघ असलेला. मादी कंठवाल्याची छोटी, जरा गडद प्रत दिसते. पाचू होला जंगलाच्या सावलीत, ओल्या पाचोळ्यात फिरतो. हिरवी पाठ आणि लाल चोच यांमुळे तो दिसला तर ओळखायला कष्ट पडत नाहीत, कष्ट पडतात ते दिसायला. राष्ट्रीय उद्यानाच्या आतल्या पायवाटांवर शांतपणे चाललात तर संधी आहे. आणि वड-पिंपळ-उंबर फळाला आले की वर पानांत बसणारा, पिवळ्या पायांचा, हिरवट-पिवळा पक्षी म्हणजे हरियल, आपला राज्यपक्षी. तो जमिनीवर क्वचितच उतरतो, त्यामुळे खाली दाणे टिपणाऱ्या होल्याशी त्याची गल्लत होण्याचं कारण नाही.

पारवा आणि कोकिळा

पारव्याच्या मानेवर हिरवी-जांभळी चमक असते, ठिपके नसतात. पंखावर दोन काळे पट्टे, शेपूट आखूड, डोळा नारिंगी, चोचीच्या मुळाशी पांढरा उंचवटा. शहरी पारव्यांत मात्र पाळीव रक्त मिसळलेलं आहे, म्हणून पांढरे, तांबडे-तपकिरी, डागाळलेले अशा अनेक रंगांचे पारवे दिसतात. एखादा तपकिरी, चट्ट्यापट्ट्यांचा पारवा बघून ‘ठिपकेवाला’ असं म्हणायचा मोह होतो. तिथे शेपूट बघा, शरीराचा जाडपणा बघा, आणि तो किती जणांत आहे ते बघा. पारवे थव्याने उतरतात. होले बागेत एकटे, जोडीने, फार तर चार-सहा जण एकत्र असतात.

दुसरी गल्लत मला जास्त वेळा दिसते, ती कोकिळेच्या मादीशी. काळा असतो तो नर, मादी तपकिरी आणि अंगभर पांढऱ्या ठिपक्यांची. ‘ठिपक्यांचा तपकिरी पक्षी, लांब शेपूट’ एवढ्या वर्णनात ती नेमकी बसते. पण तिचा डोळा लाल, चोच जाड आणि फिकट हिरवट, पोटावर आडव्या रेघा, आणि ती होल्याहून खूप मोठी, 40 सेंटीमीटरच्या पुढची. ती झाडातच वावरते. होल्यासारखी पायवाटेवर चालत येत नाही.

आवाज

ठिपकेवाला होला घुमतो ते मऊ, खर्जात आणि ‘र’ घोळवत : क्रूऽ-क्रुक्-क्रू-क्रू-क्रू, थोडी विश्रांती, पुन्हा तेच. पारव्याचं घुटर्र-घू गळ्यात अडकल्यासारखं, अखंड आणि जवळून येतं. छोट्या तपकिरीचा आवाज पाच-सहा तुटक स्वरांचा, कोणी तोंड मिटून हसावं तसा हलका. कंठवाला तीनच स्वर म्हणतो आणि मधल्यावर जोर देतो : कु-कूऽ-कु. भारद्वाजाचा हुप-हुप-हुप हा आणखी खोल आणि घुमणारा, त्यात ‘र’ अजिबात नसतो. दाट झाडीतून येणाऱ्या आवाजात होला आणि भारद्वाज यांत घोटाळा झाला तर हा ‘र’ शोधा.

आवाज शिकायचा सोपा मार्ग : दिसत असलेल्या, नक्की ओळखलेल्या होल्याचा आवाज फोनवर नोंदवा आणि घरी दोन-चारदा ऐका. नेटवरची ध्वनिफीत बागेत मोठ्याने वाजवून पक्ष्याला बोलावू नका. घरट्याजवळ तर मुळीच नाही, तो आपली हद्द राखायला अंडी सोडून येतो.

कधी कधी घुमणं थांबवून नर फांदीवरून पंख वाजवत जवळजवळ सरळ वर चढतो आणि मग शेपूट पसरून तिरकी घसरण घेत खाली येतो. त्या घसरणीत शेपटीचे पांढरे कोपरे अगदी स्पष्ट दिसतात. हे मादीसाठी आणि हद्दीसाठी केलेलं उड्डाण आहे. ते दिसलं तर जवळपास जोडी असणार हे धरून चाला.

मान कोरी असेल तर

पिल्लाच्या मानेवर पट्टा नसतो. रंग मळकट तपकिरी, पिसांच्या कडा फिकट, त्यामुळे अंग खवल्याखवल्यांचं दिसतं. अशा पक्ष्याची ओळख एकट्यावरून न करता थोडा वेळ थांबून करावी. घरट्यातून नुकतं बाहेर पडलेलं पिल्लू आई-बापाच्या मागे असतं, आणि मोठा पक्षी आला की उत्तर आपोआप मिळतं. मानेवर पट्टा उमटायला लागलेली अर्धवट वयाची पिल्लंही दिसतात, तिथे काळं मळकट आणि ठिपके पुसट असतात.

ग्रिलमधलं घरटं

ओळख पक्की असण्याची सर्वात जास्त गरज इथे पडते. 2025 मध्ये मुंबईतले कबुतरखाने बंद करण्यावरून मोठा वाद झाला, आणि त्यानंतर सोसायट्यांमध्ये ‘कबुतराचं घरटं’ दिसलं की काढून टाका, असा सूर वाढला. त्या लाटेत होल्याची घरटीही कुंडीतून उचलून फेकली जातात. मला याचं फार वाईट वाटतं. होला माणसाच्या अन्नावर थव्याने पोसलेला पक्षी नाही, एक जोडी येते, पिल्लं वाढवते आणि निघून जाते.

घरटं म्हणजे दहा-वीस काड्यांची विरळ बैठक, इतकी विरळ की खालून अंडी दिसावीत. झाडात, वेलीत, कुंडीत, ग्रिलच्या कोपऱ्यात कुठेही. अंडी दोन, पांढरी. पण पारव्याचीही अंडी दोन आणि पांढरीच असतात, तेव्हा अंड्यांवरून ठरवू नका. बसलेल्या पक्ष्याची मान लांबून बघा, फोटो काढून मोठा करा. नर-मादी दोघेही आळीपाळीने उबवतात. साधारण दोन आठवड्यांत पिल्लं बाहेर येतात आणि आणखी दोन आठवड्यांच्या आसपास उडतात. सुरुवातीला आई-बाप दोघेही गळ्याच्या पिशवीत तयार होणारं दुधासारखं पोषक द्रव्य त्यांना भरवतात. त्यामुळे पिल्लाला दूध-पाव, भिजवलेली पोळी देऊ नका. ते त्याचं अन्न नाही.

महिनाभर ती खिडकी कमी उघडा, कुंडीला पाणी कडेने घाला, कावळा आणि मांजर यांचा वावर असेल तर एक बाजू पुठ्ठ्याने आडवा. होला हा वन्य पक्षी आहे आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 त्याला संरक्षण देतो. अंडी असलेलं घरटं काढणं कायद्याला धरून नाही. पिल्लं उडून गेल्यावर जागा साफ करताना विष्ठा ओली करून, तोंडाला मास्क बांधून पुसा. हा नियम कुठल्याही पक्ष्यासाठी पाळावा, सुक्या विष्ठेची धूळ श्वासातून जाणं चांगलं नाही.

नोंद कशी करायची

एक पक्षी पाहिलात की तीन फोटो घ्यायचा प्रयत्न करा : मागून मान, बाजूने पूर्ण अंग, समोरून छाती. फोन असला तरी चालेल, झूम ताणण्यापेक्षा चार पावलं पुढे जाणं बरं. मग तारीख, वेळ, जागा, किती पक्षी, काय करत होते आणि कुठल्या खुणेवरून ओळखलं, हे लिहा. शेवटची नोंद लोक गाळतात, पण पुढे शंका आली तर तीच उपयोगी पडते. ‘मानेमागे काळ्यावर पांढरे ठिपके, पाठ ठिपक्यांची’ एवढं पुरतं.

ही नोंद ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर टाकली तर ती अभ्यासकांच्या कामी येते. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर घरामागची पक्षिगणना (ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट) होते, तिच्यात सोसायटीच्या आवारात किमान 15 मिनिटं पक्षी मोजून भाग घेता येतो. आणि सोबतीने शिकायचं असेल तर 1883 मध्ये याच शहरात सुरू झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचं गोरेगावचं निसर्ग शिक्षण केंद्र आहे.

मान दिसली नाही, पाठ दिसली नाही, फक्त लांब शेपटीचा पक्षी उडताना दिसला, तर वहीत ‘होला, जात ठरली नाही’ असं लिहा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्याच जागी जा. खाण्याच्या ठरलेल्या जागी होले रोज येतात.